हिरवा वेळेत मिळाला तर: सिग्नल, हेडवे आणि विजेचा हिशोब कसा मांडायचा

गर्दीने भरलेली बारा डब्यांची लोकल ७५० टनांची धरा. ताशी ८० किलोमीटरने धावताना तिच्या अंगात नुसत्या वेगामुळे ५१ युनिट वीज साठलेली असते. महिन्याला शंभर युनिट वापरणाऱ्या घराची ही पंधरा दिवसांची वीज. स्टेशन नसलेल्या जागी लाल सिग्नल दिसला आणि मोटरमनने ब्रेक लावले, की ही शिदोरी रिकामी होते आणि सिग्नल मिळाल्यावर ती पुन्हा भरावी लागते.

सिग्नलची चर्चा बहुतेक वेळा सुरक्षिततेपाशी थांबते. तिथून ती सुरू व्हायला हवी हे खरंच. पण गाड्या किती दाटीने धावतील आणि एका फेरीला किती वीज लागेल, हेही सिग्नलच ठरवतात. हा हिशोब कागद, पेन्सिल आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच एवढ्यावर मांडता येतो. उदाहरणांतले आकडे हिशोबासाठी धरलेले आहेत, कोणत्याही एका मार्गाचे नाहीत. तुमच्या सेक्शनचे आकडे तुम्ही घाला.

एक सूत्र पाठ करा

वेगातली वीज काढायची रीत अशी: गाडीचं वजन टनांत, गुणिले ताशी वेगाचा वर्ग, भागिले ९३,३००. उत्तर थेट युनिटमध्ये येतं. ७५० × ८० × ८० ÷ ९३,३०० म्हणजे ५१. चाकं आणि मोटरी फिरत असतात, त्यासाठी आठेक टक्के वाढवा. तारेतून चाकापर्यंत येताना काही वीज वाटेत जाते, म्हणून ०.८५ ने भागा. मग तारेतून ओढलेली वीज ६५ युनिटच्या आसपास येते. तुलना करायची असेल तर पहिला आकडा पुरतो.

वेगाचा वर्ग येतो, म्हणून वरच्या वेगातला प्रत्येक किलोमीटर महाग असतो. ८० वरून ६० वर उतरलं तर २२ युनिट गेले. ८० वरून ३० वर उतरलं तर ४४. पूर्ण थांबलं तर ५१. म्हणजे ३० पर्यंत खाली आलेल्या गाडीचं नुकसान जवळपास पूर्ण थांबण्याइतकंच असतं. ‘थांबली नाही ना, हळू तर झाली’ असं म्हणून असा प्रसंग हिशोबातून गाळू नका.

आता वेळ. ८० वरून थांबणं आणि पुन्हा ८० गाठणं, यात किती सेकंद जातात? ब्रेकचा दर ०.७ मीटर प्रति सेकंद वर्ग धरला तर ३२ सेकंद आणि ३५३ मीटर लागतात. पुन्हा वेग घ्यायला सरासरी ०.४ च्या दराने ५५ सेकंद आणि ६१७ मीटर. हेच अंतर न थांबता ४४ सेकंदांत कापलं असतं. म्हणजे सिग्नलपाशी एक सेकंदही उभं न राहता ४४ सेकंद गेले. उभं राहण्याचा वेळ त्यावर वेगळा. विनाकारण थांबा टळला तर वीज आणि वेळ दोन्ही वाचतात. रेल्वेत अशी दुहेरी बचत फार ठिकाणी मिळत नाही, म्हणूनच हा हिशोब मांडावा असं आम्हाला मनापासून वाटतं.

आधी पद्धत ओळखा

ॲब्सोल्यूट ब्लॉकमध्ये दोन स्टेशनांच्या मधल्या लाइनवर एका वेळी एकच गाडी असते. पुढच्या स्टेशनाने लाइन क्लिअर, म्हणजे गाडी पाठवायची परवानगी, दिल्याशिवाय मागच्या स्टेशनचा शेवटचा सिग्नल ‘ऑफ’, म्हणजे जायचा, होत नाही. स्टेशनं दहा किलोमीटर लांब असतील आणि मालगाडीला तेवढ्याला पंधरा मिनिटं लागत असतील, तर मागची गाडी तेवढा वेळ अडकते. दुहेरी मार्गावर मधेच इंटरमीजिएट ब्लॉक सिग्नल बसवला की एका ब्लॉकचे दोन होतात. स्टेशन इमारत, लूप (गाडी बाजूला घ्यायची लाइन) किंवा माणूस न वाढवता क्षमता वाढवायचा हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. ज्या सेक्शनला ऑटोमॅटिकचा खर्च परवडत नाही, तिथे पहिला विचार याचाच करावा.

ऑटोमॅटिक ब्लॉकमध्ये लाइनचे छोटे तुकडे पडतात आणि रुळांवरची गाडी स्वतःच मागचे सिग्नल बदलत जाते. मुंबईत बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी १९२५ मध्ये धावली आणि बोरीबंदर ते भायखळा स्वयंचलित रंगीत सिग्नल १९२८ मध्ये आले. आजही उपनगरी गाड्यांचा कणा हीच पद्धत आहे. खांबावर पांढऱ्या गोल पाटीवर काळा ‘ए’ दिसला की तो ऑटोमॅटिक सिग्नल समजावा.

नव्या मेट्रोंत सीबीटीसी असते, म्हणजे रेडिओ संपर्कावर चालणारं गाड्यांचं नियंत्रण. मुंबईची मेट्रो ३ किंवा पुणे मेट्रो घ्या. तिथे गाडी आपली जागा रेडिओवरून सतत कळवते. मागच्या गाडीला ‘अमुक खांबापर्यंत’ असा परवाना नसतो. पुढच्या गाडीच्या शेपटीच्या अलीकडे ठरावीक अंतर सोडून तिथपर्यंत ती येऊ शकते.

कवच, म्हणजे गाड्यांची टक्कर टाळणारी भारतीय रेल्वेची यंत्रणा, या सगळ्यांपेक्षा वेगळं आहे आणि त्याबद्दल गैरसमज बराच आहे. स्लीपरवरचे आरएफआयडी टॅग, स्टेशनचा रेडिओ आणि इंजिनातलं यंत्र मिळून लोको पायलटला पुढच्या सिग्नलची स्थिती केबिनमध्ये दाखवतात आणि गरज पडली तर ब्रेकही लावतात. पण खालचे ब्लॉक तेच राहतात. म्हणून नुसतं कवच बसवून दोन गाड्यांमधलं अंतर कमी होत नाही. फायदा होतो तो धुक्यात आणि मुसळधार पावसात, कारण सिग्नल दिसत नाही म्हणून गाडी हळू करावी लागत नाही. उलट ब्रेकची रेषा फार सावध आखली तर यंत्र लवकर ब्रेक मागतं आणि गाडी स्टेशनात रेंगाळत शिरते. कवच सुरू करताना ब्रेकिंगचे आकडे खऱ्या, भरलेल्या गाडीवर तपासून घ्यावेत ते याचसाठी.

हेडवे कसा काढायचा

एकामागोमाग दोन गाड्या किती सेकंदांच्या अंतराने, मागच्या गाडीला पिवळा न दिसता जाऊ शकतात, तो हेडवे. चार दर्शनांचा ऑटोमॅटिक मार्ग घेऊ: लाल, पिवळा, दुहेरी पिवळा, हिरवा. सिग्नल ४०० मीटरवर, गाडी २५० मीटर लांब, ओव्हरलॅप (सिग्नलच्या पुढे सुरक्षेसाठी मोकळी ठेवायची लाइन) १२० मीटर, आणि मोटरमनला सिग्नल २०० मीटरवरून नीट दिसतो असं धरू.

मोकळ्या लाइनवर पुढची गाडी ज्या तुकड्यात आहे त्याचा सिग्नल लाल, त्यामागचा पिवळा, त्यामागचा दुहेरी पिवळा, त्यामागचा हिरवा. म्हणजे मागच्या गाडीला हिरवा दिसायला हवा असेल तर दोन गाड्यांच्या तोंडांमधलं अंतर असं: २०० + तीन तुकडे १,२०० + १२० + २५० = १,७७० मीटर. ६० च्या वेगाला १०६ सेकंद, ८० च्या वेगाला ८० सेकंद. तीनच दर्शनं असती तर एका तुकड्यातच थांबता यायला हवं, म्हणून तुकडा ८०० मीटरचा करावा लागला असता. मग अंतर २,१७० मीटर आणि ६० च्या वेगाला १३० सेकंद. मधला दुहेरी पिवळा २४ सेकंद कमावून देतो. पिवळा दिवा पुढचा सिग्नल लाल असल्याचं सांगतो. दुहेरी पिवळा तीच खबर एक सिग्नल आधी देतो आणि ब्रेकचं अंतर दोन तुकड्यांत वाटून टाकतो.

पण मोकळ्या लाइनचा हेडवे सहसा आड येत नाही. आड येतो तो प्लॅटफॉर्म. खरा हिशोब तिथे आहे, म्हणून तो तपशिलात मांडतो.

प्लॅटफॉर्मच्या टोकाला स्टार्टर, म्हणजे निघण्याचा सिग्नल. गाडी त्याच्यापाशी थांबते. प्लॅटफॉर्ममध्ये शिरतानाचा सिग्नल त्याच्या २८० मीटर अलीकडे, आणि त्याच्यामागे ४००–४०० मीटरवर आणखी दोन. मागच्या गाडीला सगळ्यात मागचा सिग्नल हिरवा दिसायला हवा असेल, तर पुढच्या गाडीची शेपटी स्टार्टरच्या पुढे १२० मीटर गेलेली हवी. आता तीन वेळा काढून त्यांची बेरीज करायची.

पहिली वेळ, मागच्या गाडीची धाव. ती थांबण्याच्या जागेपासून २०० + ४०० + ४०० + २८० = १,२८० मीटर दूर आहे. ६० च्या वेगाने येऊन शेवटच्या १९८ मीटरमध्ये ब्रेक लावून थांबायला तिला ८९ सेकंद लागतात.

दुसरी वेळ, थांबा. ३० सेकंद.

तिसरी वेळ, पुढच्या गाडीने जागा रिकामी करणं. तिने २५० + १२० = ३७० मीटर जायचं आहे. ०.४ च्या दराने ४३ सेकंद.

बेरीज १६२. सिग्नल बदलायला आणि तो पाहून मोटरमनने प्रतिसाद द्यायला ५ सेकंद धरा. झाले १६७. तीन मिनिटांच्या वेळापत्रकात म्हणजे १८० सेकंदांत १३ सेकंदांची मोकळीक उरली. अख्ख्या गर्दीच्या तासाचा तोल या तेरा सेकंदांवर असतो.

आता एकेक आकडा हलवून पाहा. या पद्धतीची खरी मजा इथे आहे.

थांबा ३० चा ४५ सेकंद झाला, दारात कुणी अडकलं किंवा चढणारे उतरणाऱ्यांना वाट देईनात, की बेरीज १८२. वेळापत्रक तुटलं. मागच्या गाडीला दुहेरी पिवळा, तिच्या मागच्याला पिवळा, आणि रांग उलटी पसरत जाते. तिघी-चौघींनी प्रत्येकी २० ते ५० युनिट गमावले ते पुढच्या स्टेशनात वाढलेल्या पंधरा सेकंदांमुळे.

प्लॅटफॉर्मच्या अलीकडे कॉशन ऑर्डर, म्हणजे तात्पुरती वेगमर्यादा, लागून वेग ४५ वर आला, तर मागच्या गाडीची धाव ८९ वरून १११ सेकंदांवर जाते आणि बेरीज १८९ होते. म्हणून रुळांच्या कामाची वेगमर्यादा मोकळ्या लाइनवर परवडते, स्टेशनच्या तोंडाशी नाही. काम तिथेच असेल तर ते गर्दीच्या वेळेबाहेर उरकायला हवं.

पंधरा डब्यांची गाडी ३१० मीटरची धरली तर जागा रिकामी करायला साडेतीन सेकंद जास्त आणि प्लॅटफॉर्म लांब झाल्याने धावेत साडेतीन सेकंद जास्त. एकूण सात सेकंद. प्रवासी क्षमता २५ टक्के वाढते आणि हेडवे चार टक्क्यांनी. डबे वाढवणं हा इतका घसघशीत सौदा का आहे, ते या दोन आकड्यांत कळतं. पण तेरातले सहाच सेकंद उरतात, म्हणून त्याबरोबर थांब्यावर लक्ष ठेवावंच लागतं.

तुकडे ४०० चे ३०० केले तर मागच्या गाडीची धाव १२ सेकंदांनी कमी होते. इथे हात आखडता घ्या. दुहेरी पिवळ्यापासून लालपर्यंत आता ६०० मीटरच उरतात. ८० च्या वेगाला ते पुरतात. १०० च्या वेगाला नुसत्या ब्रेकला ५५० मीटर लागतात, मोटरमनच्या प्रतिसादात आणखी शंभरेक मीटर जातात आणि पहिल्या पावसात रूळ निसरडे झाले की सगळंच वाढतं. तुकडे लहान करायचे तर त्या भागातला वेगही बांधून घ्यायला हवा.

सीबीटीसीत हाच प्लॅटफॉर्म घ्या. मागची गाडी ३०० मीटरपर्यंत पूर्ण वेगात येऊ शकते, तिथून थांबायला ३० सेकंद. थांबा ३०. पुढची शेपटी ५० मीटर पुढे गेली की पुरे, म्हणून ३९ सेकंद. प्रतिसादाचे ५ धरून १०४. सिग्नलने ६३ सेकंद कमी केले, पण थांब्याचे ३० तसेच राहिले. आधी थांबा हेडवेचा पाचवा हिस्साही नव्हता, आता जवळपास तिसरा हिस्सा झाला. म्हणून सीबीटीसी आणताना दारं, जिने, प्लॅटफॉर्मची रुंदी यांच्याकडे पाहिलं नाही तर विकत घेतलेले सेकंद प्लॅटफॉर्मवरच सांडतात.

सेकंद देऊन युनिट घेणं

पुढे लाल आहे हे आधी कळलं तर काय करता येतं ते पाहू. दोन किलोमीटर पुढचा सिग्नल मोकळा व्हायला वीस सेकंद जास्त लागणार आहेत. ८० ने गेलं तर गाडी ९० सेकंदांत तिथे पोचते आणि लालला थांबते. ६५ ने गेलं तर १११ सेकंद लागतात आणि हिरवा मिळतो. पहिल्यात ५१ युनिट आणि ४४ सेकंद गेले. दुसऱ्यात १७ युनिटांचा वेग कमी झाला, तोही बराचसा मोटर बंद करून गाडी आपोआप घरंगळू देऊन, ब्रेक न लावता.

घरंगळणं म्हणजे कोस्टिंग. सपाट मार्गावर गाडीचा वेग घर्षणाने आणि हवेने साधारण ०.०३ मीटर प्रति सेकंद वर्ग या दराने उतरतो असं धरलं, तर ८० ला मोटर बंद करून एक किलोमीटर गेल्यावर वेग ७५ असतो. वेळ दीड सेकंद जास्त लागला. वीज सहा युनिट वाचली. स्टेशनाच्या अलीकडे कोस्टिंग कुठून सुरू करायचं, ती जागा प्रत्येक स्टेशनमागे एकदा ठरवून द्यावी: अमुक पूल, अमुक खांब. ‘जमेल तसं करा’ म्हटलं की कुणीच करत नाही, कारण उशिराचा दोष मोटरमनच्या माथी येतो आणि वाचलेल्या युनिटांवर कुणाचंच नाव नसतं. वेळापत्रकात कोस्टिंगचे सेकंद लिहून दिले तरच ही पद्धत टिकते.

मेट्रोत स्वयंचलित चालनात हे काम संगणक करतो. गाडी वेळेवर असेल तर तो कोस्टिंग जास्त असलेली चाल निवडतो, उशीर असेल तर पूर्ण जोराची. लोकलमध्ये ते काम कंट्रोलरच्या एका फोनने किंवा रेडिओवरच्या एका वाक्याने होऊ शकतं: पुढे गाडी आहे, आरामात या.

एकेरी मार्ग, लूप आणि घाट

कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण झाली आणि तिचा बहुतांश मार्ग आजही एकेरी आहे. रोहा ते वीर दुहेरी झाला तो २०२१ मध्ये. एकेरी मार्गावर सिग्नलचा हिशोब क्रॉसिंगपाशी, म्हणजे समोरासमोरच्या गाड्या एकमेकींना वाट देतात तिथे, होतो.

क्षमता काढायला रेल्वेत स्कॉटचं सूत्र वापरतात: १,४४० मिनिटं भागिले, सगळ्यात हळू गाडीचा दोन स्टेशनांमधला वेळ अधिक ब्लॉकच्या कामाचा वेळ. त्याला ०.७ ने गुणायचं. गाडीला १५ मिनिटं आणि ब्लॉकला ५ लागत असतील तर दिवसाला दोन्ही दिशांच्या मिळून ५० गाड्या. ब्लॉकला ८ मिनिटं लागली तर ४३. टोकन (सेक्शनमध्ये शिरायचा परवाना) हातात देण्याघेण्याऐवजी टोकनलेस ब्लॉक आणि ॲक्सल काउंटर (आस मोजून लाइन मोकळी आहे का ते सांगणारं यंत्र) का घ्यावेत, ते या सात गाड्यांत दिसतं. पण सगळ्यात लांब पडणारा एकच सेक्शन अख्ख्या मार्गाला बांधतो. सूत्र प्रत्येक सेक्शनला वेगळं लावा आणि सगळ्यात लहान उत्तर घ्या. सरासरी काढू नका.

आता लूपमध्ये जाणारी मालगाडी. ५,००० टन, ६० चा वेग: १९३ युनिट. ४,५०० किलोवॉटच्या इंजिनाने सगळी ताकद फक्त वेग वाढवण्यात घातली तरी ती परत मिळवायला १५४ सेकंद लागतात, आणि खरी ताकद घर्षणातही जात असते, म्हणून प्रत्यक्षात पुष्कळ जास्त. १०० ने धावणारी १,३०० टनांची एक्स्प्रेस थांबवली तर १३९ युनिट जातात. म्हणजे विजेच्या हिशोबात मालगाडी थांबवणं महाग आहे. प्रवाशांना मान द्यायचाच, पण जिथे दोन्ही गाड्या सारख्याच उशिराच्या आहेत तिथे कंट्रोलरने मालगाडीला मेन लाइन द्यायचा विचार जरूर करावा.

लूपच्या तोंडाशी पॉइंटवरचा, म्हणजे गाडी रूळ बदलते त्या सांध्यावरचा, वेगही पाहा. ७०० मीटरची गाडी १५ च्या वेगाने पूर्ण आत यायला १६८ सेकंद लागतात, ३० ने ८४. एक इन बारा टर्नआउट (कमी वळणाचा सांधा) आणि ३० ची परवानगी मिळाली की प्रत्येक क्रॉसिंगला जवळपास दीड मिनिट वाचतं, आणि समोरची गाडी बाहेर ताटकळत नाही. दोन्ही गाड्या एकाच वेळी आत घ्यायच्या तर स्टार्टरच्या पुढे १२० मीटर ओव्हरलॅप किंवा सँड हंप (गाडी रोखणारा वाळूचा उंचवटा) हवा. तो नसेल तर दुसरी गाडी स्टेशनात शिरण्याच्या होम सिग्नलला उभी राहते, आणि तो थांबा कुठल्याच वेळापत्रकात लिहिलेला नसतो.

घाटात तर नियम एकच: चढावर गाडी सिग्नलला उभी करू नका. कर्जत–लोणावळा आणि कसारा–इगतपुरी, दोन्ही घाटांत चढ सदतिसात एक. १,२०० टनांची गाडी तिथे नुसती धरून ठेवायला ३२० किलोन्यूटन जोर लागतो. डब्ल्यूएपी-७ या प्रवासी गाड्यांच्या इंजिनाची सुरुवातीची सगळी ओढ याच्याच आसपास आहे, म्हणून मागे बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन, लावतात. अशा जागी थांबलेली गाडी उचलताना चाकं घसरतात, मोटरी तापतात आणि मिनिटं जातात. घाटाखालच्या स्टेशनात चार मिनिटं जास्त थांबवून वरपर्यंत सलग सिग्नल देणं कधीही स्वस्त.

उतरताना उलट. दर १०० मीटर उतरण्यामागे १,२०० टनांच्या गाडीत ३२७ युनिट मोकळे होतात. थ्री-फेज इंजिन त्यातला हिस्सा तारेत परत पाठवतं, पण सलग, बेताच्या वेगाने उतरत असेल तर. वाटेत सिग्नलला थांबवली की हवेचे ब्रेक लागतात आणि ती वीज ब्रेक ब्लॉक तापवण्यात जाते.

परत आलेली वीज कोण घेतो

ब्रेक लावताना वीज तारेत परत पाठवणारे रिजनरेटिव्ह ब्रेक आले म्हणून थांब्यांची चिंता संपली असं नाही. निम्मी वीज परत आली असं धरलं तरी ५१ युनिटांच्या थांब्यात २५ गेलेच, आणि ४४ सेकंद तर पूर्ण गेले.

मुंबईची उपनगरी तार १,५०० व्होल्ट डीसीवरून २५,००० व्होल्ट एसीवर आली, हार्बर मार्गाचं काम २०१६ मध्ये पूर्ण झालं. एसीत परत आलेली वीज शेजारची गाडी घेते, किंवा सबस्टेशनमार्गे मागे जाऊ शकते. डीसीत, उदाहरणार्थ बंगळूर किंवा कोलकाता मेट्रोच्या ७५० व्होल्टच्या तिसऱ्या रुळावर, साधा रेक्टिफायर वीज मागे जाऊ देत नाही. जवळपास वीज घेणारी गाडी नसेल तर व्होल्टेज वाढतं आणि ब्रेकची वीज रेझिस्टरमध्ये जळते. तिथे वेळापत्रक असं जुळवतात की एक गाडी ब्रेक लावत असताना त्याच पट्ट्यातली दुसरी निघावी. पाच-दहा सेकंद थांबा पुढेमागे केला तरी फरक पडतो.

बिघाड: सगळा हिशोब इथे कोसळतो

ट्रॅक सर्किट (रुळांतून वीज सोडून तिथे गाडी आहे का ते ओळखणारी जोडणी) बिघडलं की सिग्नल लालच राहतो. सुरक्षेसाठी तेच बरोबर आहे. पण ऑटोमॅटिक सिग्नल लाल असेल तर प्रत्येक गाडीने दिवसा एक मिनिट, रात्री दोन मिनिटं थांबून, मग पुढे सरपटत जायचं असतं. १६७ सेकंदांच्या हेडवेत एका मिनिटाचा थांबा आणि ४०० मीटरचं सरपटणं घातलं की तासाभरात किती गाड्या गळतात ते वरच्या रीतीने काढून पाहा.

पावसाळ्यात मुख्य कारण खडी. खडीत चिखल आणि कचरा बसला, पाणी साचलं, की एका रुळातून दुसऱ्यात वीज गळते. ब्लॉक सेक्शनमध्ये खडीचा रोध किलोमीटरला ४ ओहमच्या आणि यार्डात २ ओहमच्या खाली जाऊ नये. मे महिन्यात खडी चाळून, गटारं मोकळी करून, दोन्ही टोकांचे व्होल्टेज मोजून लिहून ठेवा. जूनमध्ये पुन्हा मोजा. फीड टोकाचं (जिथून वीज सोडतात) व्होल्टेज तेच आणि रिले टोकाचं (जिथे ती पोचते) घसरलेलं असेल तर गळती सुरू झाली आहे, बिघाड होण्याआधीच. व्होल्टेज वाढवून काम भागवायचा मोह होतो. तसं केलं तर ०.५ ओहमची शंट चाचणी, म्हणजे गाडीऐवजी रोध जोडून रिले पडतो का ते पाहणं, घेतल्याशिवाय जागा सोडू नका. रिले पडत नसेल तर रुळावर गाडी असूनही सिग्नल हिरवा राहील, आणि त्याहून वाईट दुसरं काही नाही.

दुसरं कारण ग्लूड जॉइंट, म्हणजे दोन तुकड्यांची वीज वेगळी ठेवणारा रुळांचा जोड. रुळाच्या कडेचं लोखंड चाकाखाली चेपून फटीवर येतं, इन्सुलेशन जोडलं जातं आणि दोन तुकडे एक होतात. बोटभर लोखंड, पण किमतीला अख्खा गर्दीचा तास. ते वेळेवर घासून काढायला हवं.

सुरुवात कुठून करायची

गर्दीच्या वेळी एका प्लॅटफॉर्मवर सलग वीस गाड्या मोजा. चाकं थांबली ती वेळ, पुन्हा फिरली ती वेळ, आणि मागच्या गाडीचं तोंड दिसलं ती वेळ. थांब्याची सरासरी काढू नका. वीसपैकी सगळ्यात लांब तीन थांबे पाहा, वेळापत्रक तेच मोडतात. मग सिग्नलच्या हालचाली नोंदवणाऱ्या डेटा लॉगरमधून त्याच तासाच्या सिग्नलच्या नोंदी काढा. कोणता सिग्नल किती वेळा, किती सेकंद पिवळा होता. त्या प्रत्येक पिवळ्याला मोटर कोचच्या नोंदीतला सगळ्यात कमी वेग जोडा आणि पहिल्या सूत्राने युनिट काढा. एखाद्या कॉशन ऑर्डरने ८० ची गाडी ३० वर येत असेल आणि दिवसाला २०० गाड्या जात असतील, तर रोजचे ८,८०० युनिट. हा आकडा घेऊन ट्रॅकच्या अभियंत्याकडे गेलात तर ‘गाड्या उशिरा होतात’ या तक्रारीपेक्षा काम लवकर होतं.

उपाय स्वस्तापासून सुरू करा: थांबा, मग कॉशन ऑर्डर, मग कोस्टिंगच्या जागा, मग एखादा सिग्नल हलवणं, आणि शेवटी नवी पद्धत. एक बदल केला की त्याच प्लॅटफॉर्मवर, त्याच वाराला, त्याच तासाला पुन्हा वीस गाड्या मोजा. आणि त्याच दिवशी पुढच्या स्टेशनावरही एक माणूस उभा करा, कारण इथे सुटलेली रांग बहुतेक वेळा तिथे जाऊन लागते.